सात झाकणं

बारीहून खोकं आलं, रविवारच्या गाडीनं.
ड्रायव्हरनं ते फाटकातच टेकवलं, पंधरा लारी मोजून घेतले.
लेकीचं विचारलं तर म्हणाला, बरी आहे,
घाईत होती.

आत कॉफी, गुरामसाठी मोजे,
प्लास्टिकचे सात डबे, एकात एक बसवलेले,
आणि चिठ्ठी: आई, डबे नवे आहेत.

नवे डबे असे हाताला चिकटत नाहीत.
प्रत्येक झाकणावर काडेपेटीएवढा चौकोन,
कागद ओरबाडलेला, गोंद मागे राहिलेला,
गोंदात धूळ, लोकरीचा तंतू, एक पांढरा केस.
मला वाटलं, किंमत लपवली पोरीनं.
जुनीच खोड तिची.
कोट पाठवला तेव्हा किमतीचा कागद उपटताना
खिसाच उसवून ठेवला होता.

साबणाला हा गोंद भीक घालेना.
शेजारची लामारा म्हणाली, नखांचा रंग काढायचं औषध लाव.
लावलं. झाकण पांढुरकं पडलं,
मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं.
लामाराचं ऐकायचं नाही,
हे मी दर वर्षी नव्यानं ठरवते.

मग गुरामची बाटली काढली, अंगणातल्या द्राक्षांची,
त्यानंच गाळलेली.
तो ओरडला, ती पोटासाठी आहे, प्लास्टिकसाठी नाही!
एक पेला त्याला दिला, एक बोळा मी भिजवला.
तो शांत झाला. गोंद नाही.

शेवटी तेल. सूर्यफुलाचं, तळणीतून उरलेलं.
बोटानं लावायचं आणि सोडून द्यायचं.
हेच कुणी सांगत नाही, सोडून द्यायचं.
तोवर मी शेंगा निवडल्या, कोंबड्या कोंडल्या,
परत आले तर गोंद मऊ पडलेला.
तेल भांडत नाही त्याच्याशी,
नुसतं खाली जाऊन बसतं.
मग अंगठ्यानं रेटलं की करड्या वळ्या सुटतात,
शेवयांसारख्या, एकामागून एक.

तिसऱ्या झाकणावर कागदाचा पापुद्रा होता अजून.
तेल पिऊन तो काचेसारखा झाला
आणि आतून शाई वर आली.

आकडा नव्हता.
लेकीचं अक्षर होतं, डावीकडे कललेलं,
परक्या लिपीत.
चष्मा लावून, ओठ हलवत वाचलं:
जोवेदी.
तेवढा शब्द येतो मला. गुरुवार.
तिची अर्ध्या दिवसाची सुट्टी, फोनचा वार.

पुढच्या झाकणावर नुसतं शेपूट उरलेलं.
त्याच्या पुढच्यावर खाली, बारीक: पिनूच्चा.

अकरा वर्षं ऐकते आहे हे नाव.
म्हातारीला उठवलं, म्हातारीला न्हाऊ घातलं,
म्हातारी आज मला आई म्हणाली.
सात वारांचं सात डब्यांत शिजवून ठेवत असणार,
मऊ, बिनमिठाचं.
खाणारं माणूस असेपर्यंत
घरातले डबे बाहेर जात नाहीत.

गेल्या गुरुवारी फोनवर
मागे टीव्ही ओरडत नव्हता त्या बाईंचा.
मी म्हटलं, आज शांत आहे गं तुझ्याकडे.
ती म्हणाली, हो,
खिडकी लावलीये.

सहा झाकणं मी सोड्यानं घासली, दोनदा विसळली,
उन्हात उपडी घातली.
गुराम म्हणाला, हे एक का ठेवलंस तसंच?
म्हटलं, तेल संपलं.
बाटली आमच्या दोघांच्या मधेच उभी होती, अर्धी भरलेली.
त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि मोज्यांची जोडी उलगडत बसला.

रात्री तिच्या खोलीत गेले.
पलंगावर अक्रोडांची पोती रचली होती,
चार हिवाळे झाले असतील.
एकेक खाली ओढलं.
हात धुतले होते तरी
गोणपाटाचे धागे बोटांना लागून येत होते.